संशोधकाचा सोबती

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यात, राजपुरी खाडीच्या दक्षिण तीरावर दिघी हे बंदर आहे. समोरच्या तीरावर आगरदांडा असून खाडीच्या मुखाशी जंजिऱ्याचा जलदुर्ग उभा आहे. या परिसराचा इतिहास कोणी लिहू म्हटले, तर त्याने साधने कोठे शोधावीत?

प्रथम तो 'रायगड जिल्हा' या नावाने जुने ग्रंथ शोधू लागेल आणि बहुधा निराश होईल. याचा अर्थ माहिती उपलब्धच नाही, असा मात्र नव्हे. १९८१ पूर्वी या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. शिवाय दिघीचा मुलूख १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात मोडत असे. म्हणून १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये हा भाग 'कुलाबा आणि जंजिरा' या नावाच्या खंडात आला आहे. अशी नेमकी वाट दाखवितो तो ग्रंथपाल. वाचकाचा वेळ वाचविणे हा ग्रंथालयाचा एक नियमच आहे, असे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली सांगितले.

पूर्वी अशा ग्रंथांसाठी मुंबई गाठावी लागे. आता तो खंड इंटरनेटवर वाचता येतो. १८०४ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या एशियाटिक सोसायटीनेही 'ग्रंथसंजीवनी' या नावाने आपले दुर्मीळ ग्रंथ वाचकांना दुरून पाहण्याची सोय केली. विद्यापीठांत लिहिलेले प्रबंध 'शोधगंगा' या संग्रहात मिळतात.

हे काम वरवर दिसते तितके सोपे नाही. जुना कागद ठिसूळ झालेला असतो. त्याचे एकेक पान जपून उलटावे व त्याचे छायाचित्र घ्यावे लागते. नंतर ग्रंथाचे नाव, लेखक, वर्ष आणि विषय यांची नोंद करावी लागते. ही नोंद चुकली, तर ग्रंथ असून नसल्यासारखाच! जुन्या इंग्रजी पुस्तकांत तर एकाच गावाचे नाव निरनिराळ्या रीतीने लिहिलेले आढळते. यंत्र दिलेला शब्द तेवढा शोधते. दुसरा कोणता शब्द शोधून पाहावा, हे जाणकार ग्रंथपाल सुचवितो. त्याला आता ई-पत्रानेही प्रश्न विचारता येतो.

तथापि सर्वच ग्रंथ असे खुले करता येत नाहीत. आपल्या देशात साधारणपणे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे त्याच्या ग्रंथावर कायद्याने हक्क राहतो. अशा ग्रंथांसाठी आजही ग्रंथालयाची पायरी चढावी लागते.

घेतलेल्या माहितीबरोबर ग्रंथाचे नाव, वर्ष व पृष्ठांक लिहून ठेवणे, हे वाचकाचे कर्तव्य होय. त्यायोगे सांगितलेली गोष्ट खरी की खोटी, हे दुसऱ्याला पडताळून पाहता येते आणि पुढच्या संशोधकाची वाट सुकर होते.