निकालाच्या दिवशी शाळेत जा

वैशाखाचे ऊन तापलेले असते. शेतात राब भाजून झालेले असतात. कुठे लग्नाचा मांडव, कुठे देवाची जत्रा. मुळशी तालुक्यात या दिवसांत घरोघर घाई असते. याच घाईत शाळेचे वर्ष संपते. परीक्षा होते. निकाल लागतो. लेक पळत घरी येते आणि सांगते, "आई, मी पास झाले!"

आई म्हणते, "बरं झालं बाई. आता जरा शेळ्यांकडं बघ."

झाले! वर्षाचा हिशेब तेवढ्यावर मिटतो.

पण शेतकरी असे करतो का? भात झोडून झाले की तो खळ्यावर माप घेतो. घरात किती ठेवायचे, विकायचे किती, बियाण्याला किती राखायचे, हे सारे ठरवतो. माप घेतल्यावाचून खळे सोडत नाही. निकालाचा दिवस म्हणजे शाळेचे खळे. त्या दिवशी झालेल्या वर्षाचे माप घ्यायचे आणि येणाऱ्या वर्षाचे बी राखायचे.

पुष्कळ आईबाप म्हणत, "आम्ही शाळेत जाऊन काय करणार? आम्हाला कुठं वाचता येतं?" आता तसे म्हणायचे कारण उरले नाही. हे पान तुम्हाला वाचता येते, तर शाळेचे कागदही वाचता येतील. कागद चारच आहेत. एकेक पाहू.

हा दिवस कोणता?

आपल्याकडे निकाल बहुधा १ मेच्या सुमारास लागतो. १ मे १९६० ला आपले महाराष्ट्र राज्य झाले. बरोबर दोन वर्षांनी, १ मे १९६२ पासून, राज्यात जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. आपल्या वाड्यावस्त्यांवरच्या बहुतेक प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेच्याच आहेत. तालुक्याचे काम पौडच्या पंचायत समितीतून चालते. शाळा पुन्हा उघडते ती जूनच्या मध्याला. म्हणजे मध्ये सहा आठवडे मिळतात. जे करायचे ते पावसाआधीच करायचे. एकदा मुळशीचा पाऊस लागला, की मग छप्परही शाकारता येत नाही आणि ओढाही ओलांडता येत नाही.

पहिला कागद : प्रगतिपुस्तक

प्रगतिपुस्तकावर पालकाची सही लागते. वाचल्यावाचून सही करू नका.

त्यात बऱ्याच ठिकाणी गुणांऐवजी अक्षरे दिसतील. २०१० साली राज्यात ही श्रेणीची पद्धत आली. अ-१ म्हणजे शंभरात ९१ ते १०० गुण. अ-२ म्हणजे ८१ ते ९०. मग ब-१, ब-२, क-१, क-२ असे दहा दहाने खाली यायचे. ड म्हणजे ३३ ते ४०. त्याच्याही खाली इ. क-२ किंवा ड दिसले, तर मुलाला मारू नका, रागेही भरू नका. कोणत्या विषयात अडले ते गुरुजींना विचारा.

श्रेणीपेक्षाही आधी एक रकाना पाहा. तो हजेरीचा. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वर्षातून निदान २०० दिवस भरली पाहिजे. समजा, शाळा २०० दिवस भरली आणि आपली लेक १५० दिवस गेली. मग ५० दिवस गेले कुठे? आठवून पाहा. आषाढात भातलावणीला आपण शेतावर गेलो आणि धाकट्याला सांभाळायला तिला घरी ठेवले. पुढे कापणीला ठेवले. मधे मामाच्या गावचे लग्न झाले. असे चार चार दिवस करत दोन महिने गेले. मूल मंद नव्हते. मूल वर्गातच नव्हते.

आणखी एक करा. घरी मुलाला पुढ्यात बसवा. पुस्तकातले कोणतेही पान उघडा आणि म्हणा, "वाच बाळा." वाचता वाचता ते कुठे अडते, हे आता तुम्हालाही कळेल. सुट्टीत रोज एक पान दोघांनी मिळून वाचले, तर दोघांचाही फायदा.

पाचवी आणि आठवीच्या पालकांनी विशेष लक्ष द्यावे. पूर्वी आठवीपर्यंत मुलाला वर्गात मागे ठेवत नसत. २०२३ साली राज्याने नियम बदलला. आता या दोन वर्गांची वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते. नापास झाले तर पुन्हा एकदा परीक्षा देता येते. तिच्यातही नापास झाले तर मूल त्याच वर्गात राहते. पण आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही, हे ध्यानात ठेवा.

दुसरा कागद : दाखला

पुष्कळ वस्त्यांवरची शाळा चौथीपर्यंतच असते. मग पाचवीसाठी दुसऱ्या गावी जावे लागते. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला मिळतो. तो हाती आला की तिथेच उभे राहून वाचा. मुलाचे नाव, बापाचे नाव, आईचे नाव, आडनाव, जन्मतारीख आणि जात हे सारे बरोबर आहे का ते पाहा. एक काना चुकला तरी पुढे दहा ठिकाणी हेलपाटे पडतात. मूल शाळेत असतानाच नोंद तपासून घेतली, तर चूक सुधारणे सोपे जाते. शाळा सुटल्यावर ते जड जाते.

२००९ साली मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला तो लागू पडतो. दाखला मागितला की मुख्याध्यापकांनी तो लगेच द्यावा, असे हा कायदा सांगतो. दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा मुलाला दाराबाहेर ठेवू शकत नाही.

वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला जाणाऱ्या आपल्या कातकरी भावांनी हे मुद्दाम ध्यानात ठेवावे. गाव सोडण्याआधी शाळेतून शिक्षण हमी पत्रक मागून घ्यावे. ते दाखवले की जिथे काम, तिथल्या शाळेत मुलाला बसता येते.

चौथीनंतर शाळा सुटते ती बहुधा मुलीची. "लांब आहे, एकटी कशी जाईल?" असे म्हणतात आणि पोर घरी बसते. यावर तोड आहे. गावात पुढचा वर्ग नसेल, तर पाचवीपासून पुढच्या मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो. या योजनेला अहिल्याबाई होळकरांचे नाव दिले आहे. गावातल्या कोणकोणत्या मुली पाचवीला जाणार, त्या सकाळी कुठे जमणार, थांब्यापर्यंत सोबत कोण जाणार, हे सारे निकालाच्याच दिवशी ठरवा. चौघी मिळून गेल्या तर चौघींची शाळा टिकते.

तिसरा कागद : पट

पट म्हणजे शाळेतल्या मुलांची यादी. हा कागद साऱ्या गावाचा आहे. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत २ शिक्षक असावेत, ६१ ते ९० मुलांना ३. शाळेला वर्षाचे जे अनुदान मिळते, तेही पटावरच ठरते. पट घटला की शाळा दुबळी होते.

आणि पट घटतो आहे. वरच्या खोऱ्यातली तरुण माणसे पिरंगुट, हिंजवडी, पुणे इथे कामाला गेली. लेकरेही त्यांच्याबरोबर गेली. काही मुले गाडीने दूरच्या इंग्रजी शाळेत जातात. राज्यात २० पेक्षा कमी मुलांच्या १४ हजारांहून जास्त शाळा असल्याचे २०२३ साली सांगण्यात आले. अशा शाळा एकत्र करून समूहशाळा काढाव्यात, असा विचार सरकारने त्या वर्षी पुढे आणला. पानशेतला अशी शाळा झालीही. त्यात एक बाजू चांगली आहे. मुलांना सोबती मिळतात आणि वर्गाला वेगळा शिक्षक मिळतो. दुसरी बाजू अवघड आहे. सहा वर्षांचे पोर डोंगर उतरून, पावसात, दूर कसे जाणार? गाडी एक दिवस आली नाही तर काय? पहिलीची शाळा वस्तीपासून १ किलोमीटरच्या आत असावी, असे नियमात धरले आहे. ते याचसाठी.

म्हणून एप्रिलमध्येच गावात फिरून पाहा. ३१ डिसेंबरपर्यंत कोणते मूल ६ वर्षांचे होणार? त्याचे नाव पहिलीत घाला. अशा मुलांसाठी २०२२ सालापासून 'पहिले पाऊल' नावाचा शाळापूर्व तयारीचा मेळावा सुरू झाला. आईने मुलाला घेऊन त्याला जावे. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही.

पट वाढू शकतो. आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. खेड तालुक्यात जालिंदरनगर नावाची वस्ती आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत २०२२ साली अवघी ३ मुले उरली होती. दत्तात्रय वारे गुरुजी तिथे आले. पालक आणि गावकरी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. मोठी मुले लहानांना शिकवू लागली. तीन वर्षांत मुले शंभरावर गेली. २०२५ साली टी-फोर एज्युकेशन या परदेशी संस्थेच्या जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत या शाळेला लोकपसंतीचे पारितोषिक मिळाले. प्रत्येक शाळेला पारितोषिक मिळणार नाही. पण ३ मुलांची शाळा उभी राहते, एवढे तर कळले!

चौथा कागद : शाळेचा आराखडा

प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात शंभरात ७५ सभासद पालक असले पाहिजेत. एकूण सभासदांत निम्म्या बाया असल्या पाहिजेत. अध्यक्षही पालकांतूनच निवडतात. शाळेचा विकास आराखडा करणे आणि आलेल्या पैशाच्या खर्चावर लक्ष ठेवणे, ही कामे समितीची.

पण घडते काय? वही घरी येते. "ताई, इथं सही करा." ताई अंगठा उठवते. वर काय लिहिले आहे ते तिला ठाऊकच नसते. आता असे होऊ देऊ नका. म्हणा, "गुरुजी, जरा थांबा. मी वाचते, मग सही करते." चांगल्या गुरुजींना याचा राग येणार नाही. उलट बरे वाटेल. एकट्याने शाळेचा गाडा ओढणे त्यांनाही जड जाते.

आराखड्यात मोठमोठ्या गोष्टी नकोत. छप्पर कुठे गळते? मुलींच्या संडासाला पाणी आहे का? पिण्याच्या पाण्याची टाकी धुतली का? दुपारच्या जेवणाचा तांदूळ कोरडा राहील अशी जागा आहे का? पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ ठरलेला आहे. तो भिजला तर आपल्याच लेकराच्या तोंडचा घास गेला. जे सरकारने करायचे, त्याचा अर्ज पौडला द्या आणि पोच घ्या. जे गावाला जमेल, ते गावाने करावे. चार पत्रे बदलायला चार माणसे आणि एक दिवस पुरतो.

निकालाच्या दिवशी विचारायचे प्रश्न

१. माझे मूल किती दिवस हजर होते?
२. त्याला आपल्या इयत्तेचे पुस्तक वाचता येते का? कुठे अडते?
३. दाखल्यावर आणि नोंदवहीत नाव व जन्मतारीख बरोबर आहे का?
४. चौथी झालेली मुले-मुली पुढे कुठे जाणार? कशी जाणार?
५. यंदा पहिलीत किती मुले येणार? कोणते मूल राहून गेले?
६. पावसाआधी शाळेत कोणती कामे करायची? कोण करणार?

हे प्रश्न वहीत उतरवून घ्या. निकालाच्या दिवशी वही बरोबर न्या. सहाही उत्तरे लिहून घ्या. मग प्रगतिपुस्तक वाचा आणि त्याच्यावर स्वतःच्या हाताने सही करा. आपले मूल शेजारी उभे राहून ती सही बघत असेल.