युरोपांत विसावा कोठें घ्यावा ?

सेवानिवृत्तीनंतर सांठविलेल्या पैशांतून एकदां युरोप पाहावा, ही इच्छा अनेक कुटुंबांत असते, व ती गैर नाहीं. मात्र दहा दिवसांत सात राजधान्या पाहणें, यास विश्रांति म्हणतां येत नाहीं. आम्हां उभयतांस तो अनुभव आला. परतल्यावर छायाचित्रें पाहतांना सौभाग्यवतीनें विचारलें, "अहो, हें कोणतें शहर ?" मला सांगतां येईना. तिचे गुडघे सुजले, तें वेगळेंच.

दुसऱ्या खेपेस आम्हीं स्वित्झर्लंडमधील ल्यूसर्न हें एकच शहर निवडलें व आठ दिवस तेथेंच राहिलों. तेथील सरोवर समुद्रसपाटीपासून ४३४ मीटर उंचीवर, म्हणजे पुण्याहूनही सखल आहे. उलट युंगफ्राउयोखचें स्थानक ३,४५४ मीटरांवर असल्यानें तेथील विरळ हवा वृद्धांस बाधूं शकते. ल्यूसर्नहून आगबोटीनें फिट्झनाउ येथें जावें आणि १८७१ सालीं सुरू झालेल्या दांतेरी रुळाच्या आगगाडीनें रीगी पर्वत चढावा. त्याचें शिखर १,७९८ मीटर, कळसूबाईहून सुमारें दीडशें मीटर अधिक उंच. पण पायांस श्रम नाहींत. संध्याकाळीं शहरांतील चौदाव्या शतकांतल्या लांकडी पुलावरून फिरावें. १९९३ सालीं तो बराचसा जळाला होता; १९९४ सालीं तो पुन्हां उभारून खुला झाला.

स्थळ निवडतांना तेथें पाहण्यासारखें किती, हें विचारण्याआधीं तेथें स्वस्थ बसतां येईल काय, हें वाचकांनीं विचारावें. ल्यूसर्नचें कोणतेंही छायाचित्र पुढें धरा. त्या दिवशीं सरोवराकांठीं आम्ही कोणत्या बांकावर बसलों होतों, तें सौभाग्यवती आजही सांगते.