होमोसिस्टीन वाढलं म्हणून घाबरू नका. आधी बी-१२ तपासा, मगच गोळी ठरवा

बीड : हातापायाला मुंग्या येतात, तळपाय बधिर पडतात, अंधारात चालताना तोल जातो, जिभेला तिखट सोसत नाही, दिवसभर थकवा राहतो. अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात गेलेल्यांच्या रिपोर्टात हल्ली ‘होमोसिस्टीन’ हा शब्द दिसू लागला आहे. आकड्यापुढे ‘हाय’ लिहिलेलं पाहून घरात काळजी सुरू होते. मग कुणी मोबाइलवरचा व्हिडिओ पाहून महागडी ‘मिथाइल’ गोळी आणतो. कुणाला तीच गोळी घेतल्यावर झोप येत नाही, छाती धडधडते आणि तो औषधच सोडून देतो. या दोन्ही गोष्टींत नुकसान आहे.

होमोसिस्टीन म्हणजे काय?

डाळ, दूध, अंडी, मटण यांतल्या प्रथिनांचा वापर करताना शरीरात होमोसिस्टीन तयार होतं. गुऱ्हाळात उसाचा रस काढल्यावर चिपाड उरतं, तसंच हे. चिपाड वेळच्या वेळी उचललं तर चुलवाणात जाळायला कामी येतं, साचून राहिलं तर अडचण होते. शरीरातलं हे चिपाड उचलायला बी-१२ आणि फोलेट ही दोन जीवनसत्त्वं मुख्यतः लागतात. थोडं काम बी-६ करतं. यातलं एक जरी कमी पडलं तरी होमोसिस्टीन साचतं.

साधारणपणे ५ ते १५ मायक्रोमोल प्रति लिटर हे प्रमाण ठीक मानतात. १५ ते ३० म्हणजे सौम्य वाढ. आकडा ५०-१०० च्या घरात असेल तर वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवावं. किडनीचा आजार आणि थायरॉइड कमी असणं यामुळेही आकडा वाढतो, त्यामुळे त्याही तपासण्या डॉक्टर सांगू शकतात.

आपल्याकडे खरी अडचण बी-१२ ची

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या ४४१ पुरुषांची तपासणी केली. तो अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६७ टक्के पुरुषांमध्ये बी-१२ कमी आढळलं आणि ५८ टक्क्यांचं होमोसिस्टीन १५ च्या वर होतं. फोलेटची कमतरता मात्र फारच थोड्यांत होती. म्हणजे दोष बहुतेक वेळा बी-१२ च्या तुटवड्याचा असतो.

कारण साधं आहे. भाजीपाला, डाळी, ज्वारी-बाजरी यांत बी-१२ नसतंच. ते मिळतं दूध, दही, ताक, अंडी, मासे आणि मटणातून. माळकरी घरात अंडी-मटण वर्ज्य, आणि गोठ्यातलं दूध सकाळीच डेअरीला जातं. ताटात राहते भाकरी, पिठलं, ठेचा. घरात गाय असूनही बी-१२ कमी, असं यामुळे घडतं.

शुगरसाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणारे, पित्ताची गोळी रोज घेणारे आणि साठी ओलांडलेले यांच्यात अन्नातलं बी-१२ नीट शोषलंही जात नाही. अशांनी त्रास नसला तरी अधूनमधून बी-१२ तपासून घ्यावं.

रिपोर्ट खरा आहे का?

ही बाब बहुतेकांना माहीत नसते. रक्त काढल्यावर नळी तशीच ठेवली तर रक्तपेशींमधून होमोसिस्टीन बाहेर येत राहतं आणि आकडा तासाला साधारण १० टक्क्यांनी खोटाच वाढतो. गावात रक्त घेऊन नमुना मोटारसायकलवर तालुक्याला आणि तिथून शहरात जात असेल तर हा धोका मोठा. म्हणून :

- उपाशीपोटी रक्त द्या.
- नळी लगेच बर्फात ठेवणार का आणि तासाभरात मशीनवर फिरवून पेशी वेगळ्या करणार का, हे लॅबवाल्याला विचारा.
- त्याच वेळी बी-१२ आणि हिमोग्लोबिनही तपासा.
- तपासणीआधी बी-१२ ची गोळी किंवा इंजेक्शन घेतलं असेल तर डॉक्टरांना सांगा.

मिथाइल गोळी सोसत नाही, तेव्हा

बाजारात बी-१२ बहुतेक ‘मिथाइलकोबालामिन’ या रूपात मिळतं, तर फोलेट ‘फॉलिक अॅसिड’ किंवा ‘एल-मिथाइलफोलेट’ या रूपात. काही जणांना मिथाइल रूपातल्या गोळ्यांनी बेचैनी, डोकेदुखी, धडधड, झोप उडणे असा त्रास जाणवतो. यावर ठोस संशोधन थोडंच आहे. पण त्रास होत असेल तर आधी पाकिटाची मागची बाजू वाचा.

पहिलं, गोळीत आणखी काय आहे ते बघा. मुंग्यांसाठी दिल्या जाणाऱ्या अनेक गोळ्यांत मिथाइलकोबालामिनसोबत प्रेगाबालिन किंवा गाबापेंटिन असतं. चक्कर, गुंगी, पायावर सूज हा त्रास त्या औषधाचा असू शकतो. ते एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून कमी करा.

दुसरं, मात्रा बघा. शरीराला रोज दोन-अडीच मायक्रोग्रॅम बी-१२ लागतं, गोळीत बहुधा १५०० असतं. त्यातलं थोडंच शोषलं जातं, म्हणून ही मात्रा सहसा घातक नसते. तरी सोसत नसेल तर डॉक्टर कमी मात्रा, एक दिवसाआड, सकाळी जेवणानंतर घ्यायला सांगू शकतात किंवा सायनोकोबालामिन, हायड्रॉक्सोकोबालामिन ही दुसरी रूपं देऊ शकतात. रूप बदला, पण उपचार सोडू नका.

तिसरं, बी-६ बघा. जास्त मात्रेचं बी-६ महिनोन् महिने घेतलं तर त्यानेच हातपाय बधिर होतात.

रक्त फारच कमी असेल आणि बी-१२ सुरू केल्यावर धडधड, अशक्तपणा वाढला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अशा वेळी रक्तातलं पोटॅशियम उतरलेलं असू शकतं.

नुसतं फॉलिक अॅसिड धोक्याचं

बी-१२ कमी असताना फक्त फॉलिक अॅसिड घेतलं तर हिमोग्लोबिन सुधारतं, रिपोर्ट बरा दिसतो, पण आत नसांचं नुकसान चालूच राहतं. गरोदर मायमाऊल्यांनी मात्र आशाताईंनी दिलेली लोह-फॉलिक अॅसिडची लाल गोळी अजिबात बंद करू नये. बाळाच्या मणक्यासाठी आणि आईच्या रक्तासाठी ती हवीच. सोबत बी-१२ लागतं का, एवढं डॉक्टरांना विचारावं.

जीनची तपासणी करावी का?

‘एमटीएचएफआर’ नावाच्या जनुकात बदल असल्याने होमोसिस्टीन वाढतं, असं व्हिडिओत सांगतात. हा बदल अनेक निरोगी माणसांतही असतो आणि फोलेट, बी-१२ पुरेसं असेल तर सहसा फरक पडत नाही. अमेरिकेतील जनुकतज्ज्ञांच्या संस्थेनेही २०१३ मध्ये ही तपासणी सरसकट करू नये असं सांगितलं. तेच पैसे बी-१२ च्या तपासणीला लावा.

रोजच्या जगण्यात काय करता येईल?

- डेअरीला दूध घालण्याआधी घरातल्या प्रत्येकाचा पेलाभर बाजूला काढा. पेलाभर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम बी-१२ असतं. दही-ताकही चालतं.
- चालत असेल तर अंडी खा.
- फोलेटसाठी मेथी, पालक, शेवग्याचा पाला, मूग, हरभरा खा. भाजी फार वेळ शिजवू नका.
- तंबाखू, मिसरी, दारू सोडा.
- ऊसतोडीला जाण्याआधी इंजेक्शनचा कोर्स अर्धवट असेल तर केसपेपर सोबत घ्या. टोळीसोबत चार-पाच महिने बाहेर राहायचं असेल तर इंजेक्शनऐवजी गोळी चालेल का, ते निघण्याआधीच विचारा.

दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करा. मात्र आकडा उतरला म्हणजे हृदयविकार टळला असं नाही. मोठ्या अभ्यासांत गोळ्यांनी होमोसिस्टीन कमी झालं, पण हार्ट अटॅक कमी झाले नाहीत, लकव्याचा धोका थोडा घटल्याचं काही अभ्यासांत दिसलं. म्हणून बीपी आणि शुगरची गोळी चालूच ठेवा.

बी-१२ च्या कमतरतेने झालेलं नसांचं नुकसान लवकर उपचार मिळाले तर बरंचसं भरून निघतं, उशीर झाला तर कायमचं राहू शकतं. मुंग्या, बधिरपणा, तोल जाणं महिन्याभरापासून असेल तर जवळचं ग्रामीण रुग्णालय, बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय गाठा.

(ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. औषध सुरू किंवा बंद करण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्या.)