दिसतं तसं नसतं! (संकेतस्थळ कसे पारखावे?)



बाजारात मडके घेताना आई ते बोटाने वाजवून पाहते. बद्द आवाज आला की परत ठेवते. पण मोबाईलवर दिसणारी माहिती आपण न वाजवताच घरी आणतो. हे बरे नव्हे!

पाठ्यपुस्तक छापण्याआधी जाणकार मंडळी ते तपासतात. संकेतस्थळाचे तसे नाही. थोडे पैसे भरून कोणीही एखादे नाव घेतो आणि त्यावर हवे ते लिहितो. त्यात खरे लिहिणारे पुष्कळ आहेत, तसे थापा मारणारेही आहेत.

झाडावरचा ऑक्टोपस

1998 साली अमेरिकेत एका गमत्या माणसाने एक संकेतस्थळ काढले. वॉशिंग्टन राज्यातील जंगलात झाडावर राहणारा ऑक्टोपस आहे, तो नष्ट होत चालला आहे, त्याला वाचवा, असे त्यावर लिहिले होते. सोबत चित्रे होती, शास्त्रीय नावही होते. पुढे 2006 च्या सुमारास कनेक्टिकट विद्यापीठातील डोनाल्ड ल्यू व त्यांच्या सहकाऱ्यांनी सातवीच्या 25 मुलांना ते वाचायला दिले. ही मुले वाचनात हुशार होती. तरी एक सोडून सर्वांना ते खरे वाटले! खोटे आहे असे सांगितल्यावरही काहीजण ऐकेनात.

आता विचार करा बरे. ऑक्टोपस समुद्रात राहतो व माशासारखा कल्ल्यांनी श्वास घेतो. मग तो झाडावर कसा जगेल? शिवाय त्याचा शत्रू म्हणून त्या पानावर सॅस्क्वाच नावाच्या केसाळ रानमाणसाचे नाव होते. हा रानमाणूस तिकडच्या दंतकथांतला. म्हणजे आपल्याकडे कोणी ‘या पक्ष्याला ब्रह्मराक्षस खातो’ असे लिहावे, तशातली गत!

उभे वाचन, आडवे वाचन

मडके वाजवून कळते, पण संकेतस्थळ नुसते निरखून कळत नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाईनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी हे तपासले. 2017 साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. इतिहासाचे 10 विद्वान, 25 विद्यार्थी आणि बातम्यांची सत्यता तपासणारे 10 जण यांना त्यांनी काही संकेतस्थळे पारखायला दिली. विद्वान आणि विद्यार्थी बहुधा त्याच पानावर वरून खाली वाचत बसले. सुबक चिन्ह आणि भारदस्त नाव पाहून त्यांतले बरेच फसले. तपासनीस मात्र ते पान लगेच सोडून ‘हे लिहिणारे कोण? इतर लोक यांच्याबद्दल काय म्हणतात?’ हे दुसरीकडे शोधू लागले. त्यांना उत्तर लवकर आणि बरोबर मिळाले.

यालाच आडवे वाचन म्हणतात. आपल्या वडीलधाऱ्यांना हे नवीन नाही. स्थळ आले की ते नुसती ओसरी पाहून होकार देतात का? शेजारच्या गावात चौकशी करतात, तेव्हाच बोलणी पुढे जातात. संकेतस्थळाचेही तसेच, बरं का!

खिशाला कात्री

ऑक्टोपसची थाप हसण्यावारी नेता येते, पण सगळ्याच थापा तशा नसतात. शेतकऱ्यांना सौरपंप मिळावेत म्हणून केंद्र सरकारने 2019 साली कुसुम योजना सुरू केली. लगेच तिच्या नावाने खोटी संकेतस्थळे निघाली. त्यांवर नोंदणीसाठी म्हणून शेतकऱ्यांकडून पैसे आणि माहिती घेतली जाई. अशा ठिकाणी पैसे भरू नका, असा इशारा नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला वेळोवेळी द्यावा लागला.

म्हणून पत्ता नीट वाचावा. पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी पत्ता कशाने संपतो ते पाहावे. ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ हा शेवट सरकारी खात्यांनाच मिळतो. ‘डॉट कॉम’ आणि ‘डॉट ओआरजी’ कोणालाही घेता येतात. ‘योजना’, ‘पीएम’, ‘किसान’ हे शब्द तर कोणीही आपल्या पत्त्यात घालू शकतो!

विचारायचे चार प्रश्न

1. हे कोणी लिहिले?
2. कशासाठी लिहिले? माहिती द्यायला, माल खपवायला, की पैसे काढायला?
3. केव्हा लिहिले? माहिती जुनी तर नाही?
4. हेच दुसऱ्या भरवशाच्या ठिकाणी सापडते का?

चौथा प्रश्न सर्वांत मोलाचा. एकाच निरोपाची नक्कल दहा ठिकाणी दिसली, तर ते दहा साक्षीदार नव्हेत. तो एकच साक्षीदार होय!

करून पाहा : घरी एखाद्या योजनेचा अर्ज मोबाईलवर भरायचा असेल, तर आधी पत्ता मोठ्याने वाचून दाखवा. शंका आली तर गुरुजींना, ग्रामपंचायतीत किंवा कृषी सहायकांना विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत!