केपटाऊनच्या धक्क्यावर एक दिवस

केपटाऊनला जायचं ठरलं तेव्हा अम्मीने एकच अट घातली. कुणाच्या घरी उतरायचं नाही आणि कुणाच्या घरी जेवायचं नाही. आम्ही दोघी बहिणींनी मुकाट्याने मान डोलावली. आमचे नाना रत्नागिरीकडच्या आमच्या गावातून केपला गेले आणि तिथलेच होऊन राहिले. दर काही वर्षांनी रजेवर यायचे, परत जायचे. तिकडे त्यांनी दुसरं लग्न केलं होतं. त्या घरातला एक भाऊ अम्मीला आहे, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत मात्र कुणीच नव्हतं.

कोकणातल्या बऱ्याच मुस्लिम घरांत थोड्याफार फरकाने ही गोष्ट सापडेल. पुरुष केपला दुकानात, बायका गावी. 1953 मध्ये तिथल्या सरकारने हिंदुस्थानातून बायकामुलांना आणायची वाटही कायद्याने बंद केली. आपल्या पासपोर्टवरही कित्येक वर्षं दक्षिण आफ्रिकेला जायला मनाई होती. पण 1953 च्या आधी नानांनी नानीला का नेलं नाही, हे काही त्या कायद्याच्या माथी मारता येत नाही.

मामूंनीच (हा शब्द तोंडात बसायला आम्हालाही वेळ लागला) फोनवर तोड काढली. घरी नको, तर वॉटरफ्रंटवर भेटू.

व्हिक्टोरिया आणि आल्फ्रेड वॉटरफ्रंट म्हणजे केपटाऊनचं जुनं बंदर. 1860 मध्ये व्हिक्टोरिया राणीचा सोळा वर्षांचा मुलगा आल्फ्रेड याच्या हातून लाटा अडवणाऱ्या बांधाचा पहिला दगड समुद्रात पडला. पुढचे दगड फोडले आणि वाहिले ते कैद्यांनी. मोठी जहाजं इथून हटली तशी जागा ओस पडली, आणि 1990 च्या सुमारास गोदामांची दुकानं, हॉटेलं होऊ लागली. आज एका बाजूला चकचकीत मॉल, दुसऱ्या बाजूला मासेमारीच्या बोटी आणि मागे टेबल माउंटन. आत यायला तिकीट नाही. वारा मात्र असा, की अम्मीची ओढणी दोनदा उडाली. जाणार असाल तर पिना जवळ ठेवा.

लाल रंगाच्या 1882 च्या क्लॉक टॉवरखाली मामू उभे होते. सोबत सून आणि दोन नातवंडं. अम्मीने सलामाला जवाब दिला आणि लगेच समुद्राकडे पाहू लागली. मामूंना इंग्रजी आणि आफ्रिकान्स येतं, अम्मीला आपली कोकणी आणि थोडं उर्दू. मधे आम्ही दुभाषी. सुरुवातीला भाषांतर करण्याजोगं काही निघालंच नाही.

मुलांनी वेळ निभावून नेली. धक्क्याला लागून सील पहुडलेले असतात, म्हशींसारखे सुस्त. बोट आली की पादचारी पूल आडवा फिरून वाट मोकळी करतो, तो पाहायला मुलं तीनदा पळाली. नोबेल चौकात लुथुली, टुटू, डी क्लर्क आणि मंडेला यांचे पुतळे आहेत. चौघांबरोबर फोटो झाले. बारा वाजता सिग्नल हिलवरची तोफ कडाडली आणि आम्ही दोघी दचकून एकमेकींना बिलगलो. अम्मी तेव्हा पहिल्यांदा हसली.

मॉलमध्ये अम्मी भाव पाहायची, रँडचे रुपये करायची आणि वस्तू जागेवर ठेवायची. चार दुकानांत हेच. हलाल पाटी पाहून आम्ही खायला बसलो. मामूंनी 'डालची' मागवल्या. आल्या तर बेसनाची भजी! अम्मीने एक उचलली, मीठ कमी आहे म्हणाली. मामूंनी ते भाषांतराशिवाय ओळखलं असावं. त्यांनी मिठाची बाटली पुढे सरकवली.

मग अम्मीने पर्समधून एक पुडी काढली. ती तिने बॅगेत कधी घातली, आम्हाला पत्ता नव्हता. आमसुलं होती. मामूंनी पुडी नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. मग सांगू लागले. लहानपणी डिस्ट्रिक्ट सिक्समधल्या घरी गावाहून येणाऱ्यांबरोबर अशी पिशवी यायची. त्यांची आई त्यात मासे शिजवायची. सरकारने ती वस्ती 1966 मध्ये गोऱ्यांची ठरवली, पुढे त्यांचं घरही पाडलं, पण त्या कालवणाची चव त्यांना आठवते.

हे भाषांतर करताना आमची जीभ अडखळली. ती पिशवी नानी पाठवायची. दर साली आमसुलं वाळवून, फडक्यात शिवून, नवऱ्यासाठी. अम्मी ते फडकं शिवायला बसायची. ती सगळी आमसुलं त्या दुसऱ्या चुलीवर गेली, हे तिला त्या टेबलावर कळलं.

अम्मी काही बोलली नाही. मुलं आइस्क्रीम मागत होती, सून त्यांना दटावत होती. मामूंना काय बिनसलं ते कळेना. शेवटी त्यांनी, बहुधा येत होतं तेवढं एकच वाक्य वापरलं, अगदी आमच्या गावच्या हेलात. "जेवलीस काय?"

समोर भज्यांची बशी असताना हा प्रश्न! नाना रजेवर आले की दारातून आत येताच हेच विचारत, असं अम्मीने आम्हाला नंतर सांगितलं. तिथे ती एवढंच म्हणाली, "विचार त्याला, कुठला मासा घालायची त्याची आई?"

"स्नूक," मामू म्हणाले. केपचा लांबट, काटेरी मासा. सुनेने सांगितलं, घरी फ्रीजमध्ये आहे.

अम्मीने पुडी पुन्हा बांधली, पण पर्समध्ये ठेवली नाही. सुनेच्या हातात दिली आणि किती घालायची ते बोटांनी दाखवू लागली: चार, फार तर पाच.