कैदेतला साधा शिपाई

व्हर्जिनियातले अ‍ॅशबर्न आज डेटा सेंटरांसाठी प्रसिद्ध आहे. तिथे घरे केलेल्या मराठी कुटुंबांपासून काही मैलांवर, लीसबर्गजवळ, पोटोमॅक नदीकाठी बॉल्स ब्लफ नावाचा कडा आहे. अमेरिकी यादवी युद्धात, २१ ऑक्टोबर १८६१ रोजी, नदी ओलांडून आलेल्या उत्तरेच्या फौजेची तिथे दाणादाण उडाली. माघारीला होड्या पुरेनात. कित्येक जण बुडाले, शेकडो पकडले गेले. अमेरिकी सिनेटचे सदस्य असलेले कर्नल एडवर्ड बेकर तिथेच पडले. कैद्यांची रवानगी रिचमंडच्या तंबाखूच्या गोदामांत झाली. कड्यावरच्या छोट्या दफनभूमीत ५४ सैनिक २५ थडग्यांत आहेत. त्यांतल्या एकाचेच नाव ठाऊक आहे.

या लढाईवर हर्मन मेल्विलने कविता लिहिली. एप्रिल १८६४ मध्ये तो स्वतः घोडदळाच्या तुकडीबरोबर याच लाउडन काउंटीत फिरला आणि त्यातून त्याचे ॲल्डीच्या टेहळणीवरचे कथाकाव्य जन्मले. गद्यात मात्र युद्धाचा सर्वांत ठळक अनुभव एका अशा लेखकाने दिला, जो यादवी संपल्यावर सहा वर्षांनी जन्मला. स्टीफन क्रेनच्या ‘द रेड बॅज ऑफ करेज’चा (१८९५) नायक पहिल्याच लढाईत पळतो. धूर, आरडाओरडा, आपण भेकड ठरू ही धास्ती, एवढेच त्याचे रणांगण. डावपेच त्याला कुणी सांगत नाही, म्हणून ते वाचकालाही कळत नाहीत.

लढाई एका दिवसात आटोपते, कैद आटोपत नाही. जॉर्जियातल्या अँडरसनव्हिल छावणीत सुमारे ४५ हजार कैदी आले आणि त्यांतले जवळपास १३ हजार मेले. मॅकिन्ले कॅन्टरच्या ‘अँडरसनव्हिल’ कादंबरीला (१९५५) पुलित्झर मिळाले. त्या पानांवर गढूळ ओढा आहे, हगवण आहे आणि कैद्यांनाच लुटणारे कैदीही आहेत. कर्ट व्हॉनेगट तर स्वतः ड्रेस्डेनमध्ये युद्धकैदी होता. फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बवर्षावातून तो खाटिकखान्याच्या तळघरात वाचला, पण त्यावरची ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’ १९६९ मध्ये आली.

मराठी ऐतिहासिक कादंबरीलाही कैद परकी नाही. आग्र्याची नजरकैद ‘श्रीमान योगी’त आहे, संगमेश्वरानंतरचा छळ ‘छावा’त (१९७९) आहे. विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’ने (१९८८) १४ जानेवारी १७६१ चा संहार घराघरात पोहोचवला. त्यांच्याच ‘महानायक’मधली आझाद हिंद सेना उभी राहिली ती सिंगापूर पडल्यावर जपान्यांच्या हाती लागलेल्या हिंदी सैनिकांमधून. तरी या कादंबऱ्यांचा कणा राजे, सेनापती, नेते हाच राहिला. भाऊसाहेबांचे अखेरचे क्षण मराठी वाचकाला पाठ आहेत; पानिपतावरून गुलाम म्हणून नेलेल्यांची वाट फारशी माहीत नाही.

मराठी शिपायाच्या कैदेला इतिहासात मात्र जागा आहे. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१५ मध्ये, तुर्कांनी मेसोपोटेमियातल्या कूट-अल-अमाराला वेढा घातला, तेव्हा आत ब्रिटिश हिंदी सैन्याची सहावी पुणे डिव्हिजन होती आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. अन्न संपत आले, घोडी कापली गेली. धर्म बुडेल म्हणून अनेक हिंदी शिपायांनी ते मांस बराच काळ नाकारले आणि ते खंगत गेले. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. सेनापती टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिले, शिपायांना वाळवंट तुडवत रेल्वेच्या कामावर नेले. त्या वाटेवरची हकिकत शिशिर सर्बाधिकारींच्या ‘अभि ले बगदाद’ या बंगाली आठवणींत वाचायला मिळते.

मेसोपोटेमियात मेलेल्यांसाठी उभारलेल्या बसरा स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार फक्त संख्या दिली गेली. मराठी कादंबरीकाराने हात घालावा असा हा ऐवज आहे. मांस नाकारणारा सातारी गडी, त्याचा दुखावलेला सुभेदार, गावाकडे न पोहोचणारे पत्र: या साऱ्याला अभ्यासाची बैठक हवी, आणि पलटणींच्या इतिहासांत, युद्धडायऱ्यांत ती मिळते. क्रेनने रणांगण न पाहता ते लिहिले, कॅन्टरने कैद्यांच्या रोजनिशा चाळून छावणी उभी केली. कूटच्या मराठा शिपायासाठी तेवढे कष्ट घेणारा लेखक मराठीत निपजायला हवा.