फाइल-सहभाजन, संगणक-जालकातील

फाइल-सहभाजन, संगणक-जालकातील : एका संगणकावर साठविलेली फाइल जालकाने जोडलेल्या दुसऱ्या संगणकावरून, ती तेथेच असल्याप्रमाणे, वाचण्याची व बदलण्याची व्यवस्था. फाइल पुरविणारा संगणक (सर्व्हर) व ती मागणारा संगणक यांच्यातील देवाणघेवाण ज्या नियमसंचानुसार चालते त्यास प्रोटोकॉल म्हणतात. विंडोज, लिनक्स, मॅकओएस अशा भिन्न प्रचालन प्रणालींचे संगणक एकत्र असल्यास त्याची निवड महत्त्वाची ठरते. कारण प्रोटोकॉल ज्या प्रणालीसाठी निर्माण झाला, तिच्यातील मालकी, परवानगी व नावे यांविषयीच्या कल्पना त्यात उतरलेल्या असतात.

एनएफएस : सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने १९८४ मध्ये तो युनिक्स प्रणालीसाठी तयार केला. त्याच्या मूळ पद्धतीत वापरणाऱ्याची ओळख एका क्रमांकावरून ठरते व तो क्रमांक मागणारा संगणकच कळवितो. त्यामुळे सर्व संगणक एकाच व्यवस्थापकाच्या ताब्यात असतील तेथेच ही पद्धत विश्वसनीय ठरते. चौथ्या आवृत्तीत (२०००) ओळख पटविण्याच्या कडक पद्धतीची आणि फाइलला कुलूप लावण्याची सोय प्रोटोकॉलमध्येच करण्यात आली.

एसएमबी : याचा उगम १९८०–९० या दशकाच्या आरंभी आयबीएममध्ये झाला, पुढील विकास मायक्रोसॉफ्टने केला. यात सामान्यतः प्रत्येक व्यक्तीची ओळख नाव व परवलीचा शब्द यांवरून सर्व्हर स्वतः पडताळतो. १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियातील अँड्रू ट्रिजेल यांनी युनिक्सवरून हीच सेवा देणाऱ्या ‘सांबा’ या आज्ञावलीचा आरंभ केला. ॲपलनेही २०१३ मध्ये स्वतःच्या एएफपीऐवजी एसएमबीला प्राधान्य दिले. परिणामी तिन्ही प्रणालींना समान असा हाच प्रोटोकॉल उरला.

मराठी नावांच्या अडचणी : यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल-व्यवस्थेत नावाची मर्यादा २५५ बाइट, म्हणजे ८५ चिन्हे एवढीच आहे. विंडोजमध्ये २५५ चिन्हे चालतात. म्हणून विंडोजवरील लांब मराठी नाव लिनक्सच्या सर्व्हरवर नाकारले जाऊ शकते. ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावातील ‘ऱ’ हे अक्षर एकसंध किंवा ‘र’ व नुक्ता असे दोन प्रकारे साठविता येते. मॅकची जुनी एचएफएस प्लस व्यवस्था दुसरा प्रकार वापरी. दिसण्यात एकच असलेली ही नावे लिनक्स भिन्न मानते.

सुरक्षितता : एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीच्या विंडोजमधील अंमलबजावणीतील दोषावर मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये दुरुस्ती दिली होती. तरीही त्या वर्षी मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ व जूनमध्ये ‘नॉटपेट्या’ या घातक आज्ञावली त्याच दोषाचा उपयोग करून जगभर पसरल्या. नॉटपेट्यामुळे न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात मेर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. पहिली आवृत्ती बंद ठेवणे म्हणूनच आवश्यक मानतात. तिसऱ्या आवृत्तीत (२०१२) मजकूर सांकेतिक रूपात पाठविण्याची सोय आहे.

निवड : केवळ लिनक्सचे संगणक असल्यास एनएफएस, तर विंडोज किंवा मॅक सोबत असल्यास एसएमबी सोयीचा ठरतो. एकच फाइलसाठा दोन्ही मार्गांनी खुला केल्यास एका मार्गाने लावलेले कुलूप दुसऱ्या मार्गाने मानले जाईलच असे नाही. मग एकाने केलेले बदल दुसऱ्याच्या बदलांनी पुसले जाण्याचा संभव असतो. यास्तव एका साठ्यास एकच प्रोटोकॉल ठेवणे श्रेयस्कर असते.